पाच नंबरची गादी

मालकांच्या मते जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ गादीत होतं आणि उरलेल्या निम्म्यांचं उशीत. तीन पिढ्या गाद्यांच्या कारखान्यावर जगलेल्या घराण्यातल्या माणसाने असं मानावं यात नवल नाही. नवल एवढंच की, घरातल्या सगळ्यांनी ते मानून घेतलं होतं. थोरल्याचं आणि त्याच्या बायकोचं पहिल्याच वर्षी वाजलं, तेव्हा मालकांनी दोघांना समोर बसवून विचारपूस केली नाही. खाली कारखान्यात हाक मारली, दोघांची काथ्याची गादी काढायला लावली आणि फोमची वर पाठवली. भांडण मिटलं. ते गादीमुळे मिटलं की थोरल्याने मुकाट्याने माफी मागितल्यामुळे, हे थोरली आजतागायत कुणाला सांगत नाही. सासऱ्यांचा मान राहतो आणि तिचं त्यात काही जात नाही.

त्यामुळे धाकट्याच्या लग्नाला वर्षांमागून वर्षं उलटली आणि पाळणा हलेना, तेव्हा पुढे काय होणार हे ठरलेलंच होतं. एक नंबरची गादी फार मऊ निघाली. दोन नंबरच्या स्प्रिंगा करकरायच्या, आणि करकरीने माणूस संकोचतो असं मालकांचं निदान होतं. तीन नंबर वर चढवताना जिन्याचा कठडा निखळला. चौथीबद्दल घरात कुणी बोलत नाही. पाचवी मात्र मालकांनी स्वतः दाभण हातात घेऊन टाचली: तळाशी काथ्या, मध्ये रबराचा थर, वर पिंजलेला कापूस. आणि काय सांगावं, पुढच्याच ऋतूत धाकटीला दिवस गेले. मालकांनी कारखान्याला सुट्टी दिली. त्यांनी सुट्टी दिल्याचं कामगारांना त्याआधी आठवत नव्हतं.

आज रविवार होता. संध्याकाळी गावोगावचे दुकानदार यायचे होते, कारण पाच नंबर आता बाजारात उतरणार होती. विक्रीचं खातं सांभाळणाऱ्या थोरल्याने मोठा फलक रंगवून आणला होता. 'पाच नंबर : घर भरणारी गादी.' शेजारी गुटगुटीत बाळाचं चित्र. फलक जेवणाच्या खोलीतच भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे नऊ महिने भरत आलेल्या धाकटीला त्या बाळाच्या नजरेला नजर देत जेवावं लागत होतं.

"भात घे अजून," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको आई. जागा कुठे राहिलीय आता?"

"दोघांचं जेवायचं असतं," डॉक्टरआत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण. गावाच्या टोकाला त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं, आणि या घरातलं एकही मूल त्यांच्या हाताखेरीज जगात आलेलं नव्हतं. थोरला, धाकटा, थोरलीची दोन्ही. आज त्या आपली काळी बॅग घेऊनच जेवायला आल्या होत्या आणि ती त्यांनी खुर्चीच्या पायाशी ठेवली होती. आत्या आल्यापासून धाकटीने त्या बॅगेकडे पाहणं टाळलं होतं.

"जेवण झालं की वर चल," आत्या तिला म्हणाल्या. "डोकं खाली आलंय का ते बघते. माझ्याकडची खिडकीची खोली तुझ्यासाठी धरून ठेवलीय."

"आणि गादी आपली," मालक म्हणाले. "ताई, तुझ्या त्या दवाखान्यातल्या गाद्या मी पाहिल्यात. त्या गाद्या नव्हेत, शिक्षा आहेत. मी पाच नंबर पाठवतो."

धाकटीने पाण्याचा पेला खाली ठेवला. ती कान तपासण्याच्या केंद्रात काम करायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर यंत्र लावायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. कानाला बोट लावायच्या आधी ती प्रत्येकाला विचारायची, 'हात लावू का?' लोकांना हसू यायचं. कान तपासायला आलेल्या माणसाच्या कानाला हात लावायचा नाही तर काय करायचं? पण ती विचारायची. मालकांच्या कानातलं यंत्रही तिनेच बसवून दिलं होतं, तेही विचारून. काय बोलायचं हे तिने गेले पंधरा दिवस त्या काचेच्या खोलीत बसून घोकलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मी दुसरीकडे नाव घातलंय."

थोरलीचा हात भाजीच्या भांड्यावरच राहिला.

"दुसरीकडे म्हणजे?" मालकांनी यंत्र चाचपलं. त्यांना वाटलं, यंत्रानेच काही घोळ घातला.

"मोठ्या दवाखान्यात. तिथल्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडेच मी पहिल्यापासून जातेय."

"पहिल्यापासून!" आत्यांनी ताट पुढे सारलं. "आणि मी इथे खोलीला रंग काढून ठेवते! काय रे, तुला माहीत होतं हे?"

प्रश्न धाकट्याला होता. धाकटा कारखान्यात फोम कापायचा. सुरीचा हात असा सफाईदार की कड पाहून लोक मशीन कुठलं विचारायचे. बोलण्यात मात्र त्याचा हात कधीच सरळ चालला नव्हता. "हो," तो ताटाकडे बघत म्हणाला. "म्हणजे, आम्ही दोघांनीच ठरवलं."

"दोघांनी ठरवलं आणि तिसऱ्याला कळलंही नाही," थोरली म्हणाली. तिसरा कोण हे कुणी विचारलं नाही. "मी म्हणते, आत्यांकडे काय वाईट आहे? माझी दोन्ही तिथेच झाली. ओरडले तर मांडीवर एक चापट मिळाली, पण झाली की नाही सुखरूप?"

"बाई, ती चापट प्रेमाची होती."

"तेच म्हणतेय मी, आत्या."

आत्या उठल्या, मोरीत जाऊन हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन आल्या. धाकटीला तो आवाज ओळखीचा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला त्याच हातांनी तपासलं होतं. म्हणजे तपासायला घेतलं होतं. 'सैल सोड. सैल सोड म्हणते ना. नाटकं करू नकोस, लग्न झालेल्या बाईला कसली एवढी लाज?' तिने खरंच सोडायचा प्रयत्न केला होता. शरीर तिचं ऐकत नव्हतं, त्याला ती काय करणार? घरी येताना ती गाडीत एका कुशीवर बसली होती आणि नवऱ्याने रस्ताभर एक शब्द काढला नव्हता. गाडी तेवढी अगदी हळू चालवली होती.

"चल," आत्यांनी तिचं मनगट धरलं. "नाव कुठेही घाल. एकदा बघू दे, माझ्या जिवाला शांतता. मग तुझं तू ठरव."

"नको आत्या."

"अगं दोन मिनिटांचं काम."

"नको म्हणतेय ना."

"तेव्हाही असंच. एवढं पोट आलं तरी नाटक संपलं नाही हिचं!"

"आत्या, तिचा हात सोड."

हे धाकटा बोलला. उभा राहून बोलला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच इतकं आश्चर्य वाटलं की तो पुन्हा खाली बसला. आत्यांनी हात सोडला. जन्मल्याबरोबर ज्याला त्यांनी पाय धरून उलटा टांगला होता, तो पोरगा आज त्यांना हुकूम सोडत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कसलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मालकांना भांडण पेलत नसे. "बायकांनो, आतल्या खोलीत बसून बोला," ते म्हणाले. "मी जरा पडतो. संध्याकाळी माझं भाषण आहे." कानातलं यंत्र काढल्यासारखा हात त्यांनी कानाशी नेला आणि ते मधल्या खोलीत जाऊन आडवे झाले. जेवणानंतर यंत्र काढून ठेवायचं आणि जगाशी फारकत घ्यायची, ही त्यांची जुनी रीत. आज फक्त दुकानदारांचा फोन यायचा होता, म्हणून यंत्र कानातच राहिलं. ही गोष्ट बायकांना माहीत नव्हती.

आतली खोली मालकीणबाईंची. कपाट, खिडकी, शिवणयंत्र आणि जमिनीवर एक चटई. गाद्या करणाऱ्या मालकाची बायको चटईवर झोपते, यावरून कारखान्यात तीस वर्षं विनोद चालत आले होते. दिव्याखाली अंधार, असं नवे कामगारही म्हणून मोकळे व्हायचे. मालकीणबाईंना पाठीचं दुखणं होतं. धाकट्याच्या जन्मानंतर पाठ गेली, आणि मऊ काही चालेना. मालकांचं सगळं आयुष्य बायकोच्या पाठीला सोसेल अशी गादी करण्यात गेलं होतं. आधी कडक, मग अधिक कडक, मग फळीसारखी. पाच नंबरही मुळात तिच्यासाठीच मांडलेली होती. तिने नको म्हटलं तेव्हा ती धाकट्यांकडे गेली.

धाकटीला शिवणयंत्राच्या खुर्चीत बसवलं. धाकटा दारात उभा राहिला; जा म्हटलं तरी गेला नाही.

"सांग," आत्या म्हणाल्या. "माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"आत्या, मला एक दुखणं आहे. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. लग्नाच्या चौथ्या वर्षी मला तो शब्द कळला. तोवर मला वाटायचं, मीच नाटकं करते." तिने दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. "तिथे काही येणार म्हटलं की तिथले स्नायू आपोआप आवळतात. मी आवळत नाही. डोळ्यापुढे बोट आणलं की पापणी मिटते ना, तसं. मग भिंत असावी असं होतं आणि आग होते. याला मी कितीदा ढकलून दिलंय. याने मला एकदाही ढकललं नाही."

धाकटा दाराच्या चौकटीकडे बघत होता. कारखान्यातल्या पोरांनी त्याला वर्षानुवर्षं काय काय सल्ले दिले होते. अंडी खा, व्यायाम कर, बायकोला जरा दरारा दाखव. तो सगळ्यांना हो म्हणायचा. घरचेही दोष त्याच्यात आहे असं मानून होते आणि त्याने ते मानू दिलं होतं. तेवढंच त्याला तिच्यासाठी करता येत होतं.

"अगं, पण मग..." थोरली चटईवर फतकल मारून बसली होती. तिची नजर जावेच्या पोटावर गेली. "मग हे कुठून आलं?"

"कपातून," धाकटा म्हणाला.

"काय?"

"एक स्वच्छ कप आणि सुई नसलेली सिरिंज," धाकटी म्हणाली. "तेवढं मला तोवर जमायला लागलं होतं. माझ्या डॉक्टरांनी व्यायाम शिकवला होता. बारीक नळीपासून सुरुवात, मग थोडी जाड, मग त्याहून. घाई नाही. माझा हात, माझा वेळ. दोन वर्षं मी ते करतेय. अजून पूर्ण जमत नाही, पण दुखण्याच्या अलीकडे थांबता येतं. आणि आम्ही दोघं काही उपाशी नाही हं. ते एक सोडलं तर बाकी सगळं आहे आमच्यात."

थोरलीच्या ओठांची कड हलली. "आणि पाच नंबर?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"पाच नंबर तेव्हा खाली होती," धाकटा म्हणाला. "कडेची शिवण उसवली होती म्हणून बाबांनी दुरुस्तीला नेली होती. आम्ही जमिनीवर होतो. आईची जुनी चटई मागून घेतली होती."

थोरलीने पदर तोंडात कोंबला. तरी हसू फुटलंच, आणि मग धाकटीलाही आवरेना. पोट धरून ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मधल्या खोलीत पलंग जरासा करकरला. कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

आत्या मात्र हसल्या नव्हत्या. "गंमत झाली असेल तर एक विचारते. आत जायला जिथे वाट नाही, तिथून बाळ बाहेर कसं येणार? ते काय कपातून काढणार आहेत तुझ्या मोठ्या दवाखान्यातले?"

"बाळ बाहेर यायचं वेगळं असतं, तिथे शरीर वेगळं वागतं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा तसं आवळेलच असं नाही. कळा सुरू झाल्या की मला पाठीत भुलीचं इंजेक्शन लवकर देणार. उगाच तपासणार नाहीत. तपासायची गरज पडली तर आधी विचारणार, आणि मी थांबा म्हटलं की थांबणार. नाही जमलं तर ऑपरेशन. पण ते झालं तरी मला विचारून होईल." ती आत्यांकडे वळली. "आत्या, मला तुमच्या हातांची भीती वाटत नाही. ते हात मी थांबा म्हटल्यावर थांबत नाहीत, याची वाटते. त्या खोलीत मला तसं झालं ना, तर बाळाचा चेहरा बघितला की मला तेच आठवत राहील. मला तसं नकोय."

"आमच्या काळी विचारत बसलो असतो तर निम्मी पोरं आत राहिली असती!" आत्यांचा आवाज चढला. "विचार हिला. वहिनी, तू सांग. तुझी दोन्ही मी केली. मी कधी तुझं वाईट केलं?"

मालकीणबाई खिडकीशी उभ्या होत्या. या घरात त्या कुणाच्या विरुद्ध बोलल्या नव्हत्या. त्यांचं मत कुणी विचारत नसे, त्यामुळे विरुद्ध बोलायची वेळही आली नव्हती.

"वन्सं, माझी पाठ कधी दुखली?" त्या म्हणाल्या.

आत्यांनी जमिनीवरच्या चटईकडे पाहिलं.

"धाकट्याच्या वेळी, बाळंत झाल्यावर, मी तुमचे पाय धरले होते. म्हटलं, मला आता पलंगावर पाठवू नका. काहीतरी सांगा यांना. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, हिची पाठ गेली, हिला जमिनीवर झोपू दे. आठवतं?"

"आठवतं," आत्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तेव्हा माझ्याकडे दुसरं औषध नव्हतं गं. मला वाटलं, टाक्यांमुळे तुला त्रास होतोय."

"टाके नंतर पडले, वन्सं. मला पहिल्या रात्रीपासून होतं हे."

थोरलीचं हसू कधीच मावळलं होतं. 'पहिल्या रात्रीपासून' आणि मध्ये दोन मुलं, याचा हिशेब तिने मनात मांडला आणि तिला सासूकडे बघवेना.

"ते वाईट नव्हते," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांना माहीतच नव्हतं. मी दात आवळून पडून राहायची, त्यांना वाटायचं मी लाजते. सांगायचं काय? शब्दच नव्हता. दुखण्याला नाव नव्हतं, म्हणून बाईलाच नावं ठेवायचे. हिला शब्द मिळालाय." त्या धाकटीच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि मध्येच थांबल्या. "ठेवू का गं?"

"ठेवा ना आई," धाकटी म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली.

"आता ऐका," मालकीणबाई नणंदेला म्हणाल्या. "हिच्या वेळी दाराबाहेर मी बसणार आहे. ही ज्याला म्हणेल तोच आत जाईल. तुम्हीसुद्धा नाही."

"मी पण बसेन," थोरली म्हणाली. तासाभरापूर्वी ती आत्यांच्या बाजूने होती. पण वारा फिरला की तीही फिरायची, आणि या वेळी तिला ते मनापासून वाटत होतं. "आणि आत्या, ती चापट प्रेमाची नव्हती हं. राहिलं होतं सांगायचं."

मधल्या खोलीत मालक छताकडे बघत पडले होते. त्यांच्या कानातलं यंत्र उत्तम चालत होतं. ते बसवून देताना सुनेने विचारलं होतं, 'बाबा, सगळं नीट ऐकू येतंय ना?' तेव्हा ते खुशीत म्हणाले होते, 'मुंगीची पावलंसुद्धा!' आता त्यांना वाटलं, हे यंत्र घेतलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटलं, तीस वर्षं आधी घेतलं असतं तर. पण तीस वर्षांपूर्वी त्यांचे कान धडधाकट होते. तेव्हा त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. काथ्या बदलला, रबर बदललं, टाक्यांमधलं अंतर बदललं, आणि त्या पाठीला कधी काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी खाली कारखान्यात दुकानदार जमले. सरबत फिरलं. थोरल्याने फलकावरचं कापड झोकात ओढलं. "आता आमचे बाबा बोलतील. ही गादी त्यांनी कशी घडवली आणि तिच्यामुळे आमच्या घरात कसा आनंद आला, ते त्यांच्याच तोंडून ऐका."

मालक उठले. त्यांनी फलकावरच्या बाळाकडे पाहिलं, मग पाच नंबरवर हात ठेवला.

"गादी चांगली आहे," ते म्हणाले. "हिच्यावर झोप लागते." जरा थांबले. "बाकी काही होत नाही."

आणि खाली बसले. थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. दुकानदार क्षणभर गोंधळले, मग एकाने टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनी. इतका खरा विक्रेता त्यांनी पाहिला नव्हता. ही जाहिरातीची काहीतरी नवी तऱ्हा असावी असं त्यांना वाटलं. त्या संध्याकाळी पाच नंबरची मागणी थोरल्याच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. त्याने फलकावरचं 'घर भरणारी' खोडून 'झोप आणणारी' लिहून घेतलं.

कळा त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी सुरू झाल्या. मोठ्या दवाखान्यात मालकीणबाईंनी प्रसूतीच्या खोलीसमोर खुर्ची ओढली आणि त्या तिथे ठाण मांडून बसल्या. शेजारी थोरली. दुपारी आत्या आल्या. काळी बॅग आणली नव्हती.

"मी आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "इथे बसू का?"

मालकीणबाईंनी थोरलीला कोपराने सरकायला सांगितलं.

आत धाकटी नवऱ्याची बोटं धरून होती. भूल लागली होती, पण भीतीला भूल लागत नाही. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "आता बघावं लागेल. बघू का?"

"हो." मग हात जवळ आला आणि तिच्या मांड्या आपोआप आखडल्या. सगळं तेच. काळी बॅग, साबणाचा आवाज, सैल सोड, सैल सोड. "थांबा!" ती ओरडली.

डॉक्टर थांबल्या.

खरंच थांबल्या. हात मागे घेऊन स्टुलावर बसल्या आणि बसून राहिल्या, घड्याळाकडे न बघता. धाकटीला ते खरं वाटेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. इतकी वर्षं ती या एका गोष्टीसाठी भांडत होती आणि ती मिळाल्यावर काय करायचं हे तिला सुचेना. तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. मग मांड्या आपोआप जराशा ढिल्या झाल्या.

"आता बघा," ती म्हणाली.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. आणखी दोनदा ती थांबा म्हणाली. शेवटी शेवटी तिने नवऱ्याच्या खानदानाचा असा उद्धार केला की बाहेर बसलेल्या तिघींनी तो ऐकला आणि त्यातला एकही शब्द नाकारला नाही. टाके पडले. दुखणं काही बाळाबरोबर बाहेर पडलं नाही. त्या नळ्या कपाटात तशाच होत्या आणि टाके सुकल्यावर पुन्हा पहिल्या बारीक नळीपासून सुरुवात करायची होती. पण मुलगी झाली, आणि तिला छातीवर ठेवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "देऊ का?"

"हे काय विचारायचं?" धाकटी म्हणाली. "द्या की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई दवाखान्यातून घरी आल्या, हातपाय धुतले आणि आपल्या चटईवर आडव्या झाल्या. कारखाना चालू होता. खालून शिवणयंत्रांचा आवाज येत होता. जिन्यावर पावलं वाजली. मालक या वेळी वर येत नसत.

ते खोलीच्या दाराशी येऊन थांबले. खोली बायकोची असली तरी घर त्यांचं होतं आणि दार उघडंच होतं. तरी त्यांनी दारावर बोटाने टकटक केलं.

मालकीणबाई उठून बसल्या. "काय झालं? बाळ बरंय ना?"

"बरंय." ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. "त्या रविवारी यंत्र माझ्या कानातच होतं."

मालकीणबाईंनी पदर सारखा केला. शिवणयंत्राच्या खुर्चीकडे पाहिलं.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं." तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोललेल्या माणसाला शब्द सापडेना. मग सापडला, तो सुनेचाच होता. "मी बसू का? खाली, तुझ्या शेजारी?"

मालकीणबाईंनी विचार केला, आणि मालक तोवर दारातच उभे राहिले. मग त्या चटईच्या एका कडेला सरकल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "गादी मात्र आणू नका."